प्रकल्प नोंदी: सहा इन्व्हर्टर, एक फीडर आणि ग्रीडचं स्थैर्य

६ जानेवारी

संगणकावर एका फीडरचं (वितरण लाइनचं) मॉडेल उभं केलं. ११ केव्ही / ४०० व्होल्टचं २५० केव्हीएचं रोहित्र, इम्पिडन्स (करंटला होणारा एकूण विरोध) ४.५ टक्के. तिथून ३०० मीटर ओव्हरहेड लाइन. तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.५५ ओहम, रिअॅक्टन्स ०.३० ओहम. ११ केव्ही बाजूची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किट झाल्यावर ग्रीड किती ताकद पुरवतं तो आकडा) १०० एमव्हीए धरली. सगळं ४०० व्होल्ट बाजूला आणून बेरीज केली तर लाइनच्या टोकाला रेझिस्टन्स ०.१७५ ओहम आणि रिअॅक्टन्स ०.११९ ओहम, म्हणजे एकूण इम्पिडन्स साधारण ०.२१ ओहम. टोकाची फॉल्ट लेव्हल ७५६ केव्हीए, शॉर्ट सर्किट करंट सुमारे १०९० अँपिअर.

टोकाला सहा थ्री-फेज सौर इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करून ग्रीडला देणारी यंत्रं), प्रत्येकी १० किलोवॅट, केव्हीए रेटिंग ११. एकूण ६० किलोवॅट. फॉल्ट लेव्हलशी गुणोत्तर १२ च्या वर, म्हणजे कागदावर ग्रीड 'मजबूत'. या एका आकड्यावर विसंबून मंजुरी देण्याची पद्धत आहे, म्हणून तो मुद्दाम आधी लिहून ठेवतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवली: सहाही इन्व्हर्टर एकाच कंपनीचे, एकाच फर्मवेअरचे, कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर. वसाहतीत एकाच वेळी बसवलेली यंत्रं बहुधा अशीच असतात.

८ जानेवारी

पहिला रन. भर दुपार, लोड जवळपास शून्य, रोहित्राचा टॅप (व्होल्टेज वरखाली करण्याची पायरी) असा की रिकाम्या लाइनवर ४१६ व्होल्ट, म्हणजे १.०४ पर युनिट (४०० व्होल्ट म्हणजे १). हा टॅप संध्याकाळच्या लोडसाठी लावलेला असतो आणि दुपारी तोच नडतो.

टोकाच्या व्होल्टेजवाढीचं ढोबळ गणित: वॅट गुणिले रेझिस्टन्स, भागिले व्होल्टेज. ६०,००० × ०.१७५ ÷ ४१६ = २५ व्होल्ट. टोकाला ४४१ व्होल्ट, १.१०२ पर युनिट. ओव्हरव्होल्टेजची मर्यादा १.१०, वेळ २ सेकंद. दोन सेकंदांनी सहाही ट्रिप, म्हणजे आपोआप ग्रीडपासून तुटले. व्होल्टेज परत ४१६. जोडणीसाठी लागणारी १.०५ खालची अट पूर्ण, ३०० सेकंदांची वाट पूर्ण, सहाही परत चालू, परत ४४१, परत ट्रिप. दर पाच मिनिटांनी फेज व्होल्टेजमध्ये (एक तार ते न्यूट्रल) साडेचौदा व्होल्टची उडी. ढगाळ वाऱ्याची दुपार असेल तर याहून वाईट.

आता मुद्द्याची गोष्ट. एकच इन्व्हर्टर बाजूला झाला असता तर उरलेल्या ५० किलोवॅटवर वाढ २१ व्होल्ट, टोकाला ४३७ व्होल्ट, १.०९३ पर युनिट. पाच जण आरामात चालू राहिले असते. एकानं बाजूला व्हायला हवं होतं, गेले सहाही, कारण सहाही घड्याळं एकाच क्षणी दोन सेकंदांवर पोचली. प्रत्येक यंत्र नियमानं बरोबर वागलं, तरी फीडर अस्थिर झाला.

दुरुस्तीचा पहिला प्रयोग: परत जोडणीच्या वेळेत प्रत्येकाला ० ते ३०० सेकंदांची वेगवेगळी जादा वाट दिली आणि शून्यापासून पूर्ण क्षमतेपर्यंत ३०० सेकंदांचा रॅम्प लावला. उड्या थांबल्या, पण रोग गेला नाही: ५७ किलोवॅट ओलांडले की ट्रिप आहेच.

१३ जानेवारी

व्होल्ट-व्हार चालू केलं, म्हणजे व्होल्टेज चढलं की इन्व्हर्टरनं व्हार (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज हलवणारी रिअॅक्टिव्ह पॉवर) ओढायचे. आयईईई १५४७-२०१८ या ग्रीड-जोडणीच्या मानकातला कॅटेगरी बी चा मूळ वक्र: १.०२ पर युनिटपर्यंत काही नाही, तिथून १.०८ पर्यंत चढत जाऊन रेटिंगच्या ४४ टक्के व्हार ओढायचे. सहा मिळून २९ केव्हीएआर (हजार व्हार). २९,००० × ०.११९ ÷ ४१६ = ८.३ व्होल्ट कमी. टोकाला ४३३ व्होल्ट, १.०८२. ट्रिप बंद.

याची किंमतही नोंदवून ठेवतो. करंट ७८.५ वरून ८८ अँपिअर. लाइन आणि रोहित्रातला तोटा ३.२ किलोवॅटवरून ४.१ किलोवॅट. आणि ११ केव्हीएच्या जागी नेमकं १० केव्हीएचं यंत्र असतं तर पूर्ण व्हार देताना वॅट कापावे लागले असते; १० टक्के जादा रेटिंग इथे उपयोगी पडलं. लो टेन्शन लाइनवर रेझिस्टन्स रिअॅक्टन्सच्या दीडपट असल्यानं व्हारचा जोर कमीच लागतो, हे गृहीत धरूनच चालावं.

मग वक्र मुद्दाम उभा केला. पूर्ण २९ केव्हीएआर १.०६ ते १.०८ एवढ्या पट्ट्यात, म्हणजे फक्त ८ व्होल्टमध्ये. इन्व्हर्टरचा फिल्टर काढून दर पायरीला लगेच नवीन व्हार, अशी मांडणी. व्होल्टेज डोलायला लागलं: एका पायरीला सगळे व्हार ओढतात, व्होल्टेज पडतं, पुढच्या पायरीला सगळे सोडतात, व्होल्टेज चढतं. कारण साध्या गुणाकारात दिसतं. उतार ३६२५ व्हार प्रति व्होल्ट, फीडरची संवेदना ०.०००२८६ व्होल्ट प्रति व्हार, गुणाकार १.०४. एकाच्या वर गेला की प्रत्येक फेरीत चूक वाढत जाते आणि वक्राच्या दोन टोकांमध्ये आपटत राहते. मूळ वक्राचा गुणाकार ०.३५ आहे, म्हणून तो शांत आहे. पाच सेकंदांचा प्रतिसाद-फिल्टर परत लावल्यावर उभा वक्रही शांत झाला.

इथे एक सापळा आहे. ०.३५ हा आकडा सहा इन्व्हर्टरचा. याच टोकाला अठरा जोडले तर तोच वक्र १.०४ वर पोचतो. सेटिंग कुणी बदललेलं नसतं, शेजारी वाढलेले असतात.

व्होल्ट-व्हारऐवजी कायम ०.९ पॉवर फॅक्टर (वॅट आणि व्हारचं ठरावीक प्रमाण) ठेवून पाहिलं. या फीडरवर पूर्ण उत्पादनात तेवढाच फायदा. पण उत्पादन अर्धं झालं की व्हार ओढणंही अर्धं होतं, व्होल्टेजला त्याची गरज असो वा नसो. लो टेन्शनवर हे खपून जातं, कारण वॅट कमी झाले की व्होल्टेज आपसूक पडतं. अतिउच्च दाबाच्या जाळ्यात रिअॅक्टन्सचं राज्य असतं. तिथे वॅट कमी होताना व्हार ओढणं कमी झालं तर व्होल्टेज उलट चढतं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले ते चढत्या व्होल्टेजनं ट्रिपची साखळी लागून, आणि तेव्हा तिथली बरीचशी सौर आणि पवन केंद्रं ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत होती. जडत्वाची (फिरत्या जनित्रांमुळे फ्रिक्वेन्सी सावकाश बदलण्याची) चर्चा फार झाली; व्होल्टेज सांभाळण्याची जबाबदारी कुणावर, हा प्रश्न त्याइतकाच मोठा आहे.

१४ जानेवारी

सेटिंग वाचून पाहिली. कारखान्यातून येताना व्होल्ट-व्हार बंद. देशाचा प्रोफाइल निवडताना चुकीची ओळ निवडली गेली तर फ्रिक्वेन्सीच्या मर्यादाही चुकतात आणि पडद्यावर कुठलीच तक्रार दिसत नाही. यापुढे प्रत्येक यंत्राची सेटिंग फाइल उतरवून मूळ यादीशी ओळ न ओळ ताडायची. डिस्प्लेवरचं प्रोफाइलचं नाव पुरावा म्हणून धरायचं नाही.

२० जानेवारी

हाय फ्रिक्वेन्सीचा भाग. प्रत्येक इन्व्हर्टरचा एलसीएल फिल्टर (स्विचिंगची लहर गाळणारे दोन चोक आणि मधे एक कपॅसिटर): इन्व्हर्टरकडचा चोक २.५ मिलीहेन्री, ग्रीडकडचा ०.८ मिलीहेन्री, कपॅसिटर ५ मायक्रोफॅरड. ग्रीड पूर्ण ताठ (इम्पिडन्स शून्य) धरलं तर रेझोनन्स, म्हणजे चोक आणि कपॅसिटर आपणहून डोलू लागतात ती फ्रिक्वेन्सी, २८९० हर्ट्झला. करंट कंट्रोल ग्रीडकडच्या करंटवर, सॅम्पलिंग (करंट मोजण्याचा वेग) १६ किलोहर्ट्झ.

या रचनेत सॅम्पलिंगचा सहावा भाग, म्हणजे २६६७ हर्ट्झ, ही सीमारेषा आहे. रेझोनन्स तिच्या वर असेल तर कंट्रोलमधल्या दीड सॅम्पलच्या उशिरामुळे फेज असा बसतो की वेगळं डॅम्पिंग (डोलणं शमवणारी व्यवस्था) न लावताही कंट्रोलचा लूप स्थिर राहू शकतो. रेषेखाली डॅम्पिंग हवंच. कारखान्यातली चाचणी ताठ ग्रीडवर होते, तिथे २८९० हर्ट्झ सुखरूप वाटतं.

आता आपला फीडर जोडला. ०.११९ ओहम म्हणजे ०.३८ मिलीहेन्री. एकच इन्व्हर्टर असेल तर रेझोनन्स २५१५ हर्ट्झवर उतरतो. सहाही चालू असतील तर सामाईक तारेतून सहापट करंट जातो, म्हणून प्रत्येकाला तीच तार सहापट लांब भासते: २.२७ मिलीहेन्री. रेझोनन्स १९१७ हर्ट्झ.

मॉडेलमध्ये एकेक इन्व्हर्टर चालू करत गेलो. डॅम्पिंग बंद ठेवलं तर पहिल्यापासूनच कपॅसिटरच्या व्होल्टेजवर दाट लहर चढते आणि ओव्हरकरंटनं ट्रिप होतो. ज्या यंत्रात सॉफ्टवेअरचं डॅम्पिंग २६०० हर्ट्झच्या आसपास बसवलेलं आहे ते एकटं शांत चालतं. शेजारी वाढत गेले तसा रेझोनन्स त्या पट्ट्यातून खाली सरकतो आणि डॅम्पिंगचा फेज चुकत जातो. प्रत्यक्ष जागेवर हे 'सकाळी ठीक, दुपारी ट्रिप' अशा तक्रारीतून समोर येतं. तंत्रज्ञ एक यंत्र बदलतो, ते एकटं चालवून पाहतो, दोष सापडत नाही. दोष त्या यंत्रात नसतोच.

२२ जानेवारी

डॅम्पिंगसाठी कपॅसिटरच्या सिरीजमध्ये रेझिस्टर. नियम: रेझोनन्सला कपॅसिटरचा जो इम्पिडन्स असेल त्याचा तिसरा हिस्सा. २५१५ हर्ट्झला ४.२ ओहम, बाजारात ४.७ मिळतो, तो चालतो. ५० हर्ट्झचा करंट ०.३६ अँपिअर, त्यानं जळतं अर्धा वॅटच्या आसपास. पण स्विचिंगची लहर त्यावर भर घालते, म्हणून निदान १० वॅटचा, वायरवाउंड नको, कमी इंडक्टन्सचा. पंख्याच्या वाऱ्यात, कपॅसिटरला न चिकटवता. सहाही लावल्यावर १९१७ हर्ट्झलाही पुरेसा.

२९ जानेवारी

फ्रिक्वेन्सी मोजण्यातली चूक. हा विषय लहान वाटतो, परिणाम मोठे आहेत.

इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी थेट पाहत नाही, व्होल्टेजच्या फेजवरून (लहर कुठवर आली आहे त्यावरून) ती काढतो. जवळ कुठे फॉल्ट झाला, लाइन सुटली, की व्होल्टेजचा फेज एकदम सरकतो. मॉडेलमध्ये १० अंशांची उडी दिली आणि एका सायकलच्या खिडकीनं फ्रिक्वेन्सी काढली. पडद्यावर साइन वेव्ह सरळ येते, एका ठिकाणी तिला किंचित मोड पडल्यासारखी दिसते आणि पुढे पुन्हा तशीच जाते. खऱ्या फ्रिक्वेन्सीला धक्काही लागलेला नाही. खालच्या रेषेवर मात्र एका सायकलपुरता १.३९ हर्ट्झचा खड्डा. १० भागिले ३६०, भागिले ०.०२ सेकंद. ५० हर्ट्झच्या यंत्राला क्षणभर ४८.६ दिसले.

१६ ऑगस्ट २०१६ ला कॅलिफोर्नियात ब्लू कट वणव्यामुळे ५०० केव्ही लाइनवर फॉल्ट झाले आणि सुमारे १२०० मेगावॅट सौर उत्पादन गेलं. त्यातल्या मोठ्या हिश्श्याला फ्रिक्वेन्सी ५७ हर्ट्झच्या खाली गेल्याचं 'दिसलं' होतं; ग्रीड खरं तर तिथवर कधी उतरलंच नव्हतं. ६० हर्ट्झच्या एका सायकलमध्ये १८ अंशांची उडी एवढं खोटं दाखवायला पुरते. बाकीच्या यंत्रांनी व्होल्टेज पडताच करंट देणं क्षणभर बंद केलं, तेही सेटिंगप्रमाणेच.

आपल्या यादीत दोन बदल: फ्रिक्वेन्सीवरचा कुठलाही ट्रिप तात्काळ नको, आणि मोजमापाची खिडकी निदान पाच-सहा सायकलची.

३ फेब्रुवारी

फीडर सोडून पूर्ण छोट्या ग्रीडकडे. मॉडेल: पाच सिंक्रोनस जनित्रं, प्रत्येकी २० एमव्हीए, जडत्व स्थिरांक (फिरत्या भागातली ऊर्जा पूर्ण क्षमतेनं किती सेकंद पुरेल तो आकडा) ४ सेकंद. साठवलेली गतिज ऊर्जा ४०० मेगावॅट-सेकंद. लोड ८० मेगावॅट, त्यातले ८ पवनकेंद्राकडून. पवनकेंद्र तुटलं तर फ्रिक्वेन्सी घसरण्याचा वेग ८ × ५० ÷ (२ × ४००) = ०.५ हर्ट्झ प्रति सेकंद.

आता दुपार. छपरांवरच्या सौर पॅनेलांतून ३२ मेगावॅट, म्हणून दोन जनित्रं बंद. ऊर्जा २४०. तोच धक्का, वेग ०.८३.

छपरांवरच्या १० मेगावॅटमागे जुने रिले आहेत असं धरलं: ५०० मिलिसेकंदांची सरासरी ०.५ हर्ट्झ प्रति सेकंद ओलांडली की ट्रिप. अर्ध्या सेकंदाला फ्रिक्वेन्सी ४९.५८. तिथे हे १० मेगावॅट जातात, तूट १८, वेग १.८८. ४९.० ला, म्हणजे लोडशेडिंगच्या पहिल्या पायरीला, पोचायला आणखी ०.३ सेकंद. धक्क्यापासून एकूण ०.८ सेकंद. वाफेच्या किंवा पाण्याच्या टर्बाइनच्या गव्हर्नरला (वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकाला) एवढ्यात फार काही करता येत नाही.

लोडशेडिंगही दुपारी फसवं असतं. ज्या फीडरवर ३ मेगावॅट लोड आणि २ मेगावॅट छपरं आहेत तो तोडला तर सुटका होते १ मेगावॅटचीच. उलटा प्रवाह असलेला फीडर तोडला तर तूट वाढते. पायऱ्या ठरवताना रात्रीचे आकडे चालणार नाहीत.

बॅटरी लावून पाहिली: १० मेगावॅट, ०.५ हर्ट्झ विचलनाला पूर्ण, मोजणं आणि प्रतिसाद मिळून उशीर ०.१५ सेकंद. जुने रिले तात्पुरते बाजूला ठेवले तर फ्रिक्वेन्सी ४९.६ ला स्थिरावली, ओव्हरशूट (पातळी ओलांडून पुढे जाणं) नाही. उशीर ०.३ केला तर ओव्हरशूट येतो, ०.७५ च्या पुढे हीच बॅटरी ग्रीडला डोलायला लावते.

पण जुने रिले परत घातले तर बॅटरी असूनही ते ट्रिप झालेच! पहिल्या अर्ध्या सेकंदाची सरासरी ०.६३ हर्ट्झ प्रति सेकंद निघाली. विचलन पाहून मदत करणारं यंत्र विचलन झाल्यावरच मदत करतं; पहिला उतार ते वाचवत नाही. १० मेगावॅटच्या बॅटरीनं न जमलेलं काम रिलेची सेटिंग ०.५ वरून १.० केल्यानं झालं.

हे नुसतं मॉडेलपुरतं नाही. ९ ऑगस्ट २०१९ ला ब्रिटनमध्ये वीज कोसळल्यावर हॉर्नसी पवनकेंद्राचे ७३७ आणि लिटल बारफर्डच्या वाफेच्या टर्बाइनचे २४४ मेगावॅट गेले, आणि त्याच वेळी वितरण जाळ्यातली छोटी केंद्रंही गेली: सुमारे १५० मेगावॅट फेज-उडीच्या रिलेनं, सुमारे ३५० मेगावॅट ०.१२५ हर्ट्झ प्रति सेकंद या सेटिंगनं. फ्रिक्वेन्सी ४८.८ ला, दहा लाखांहून अधिक ग्राहक अंधारात. ती जुनी सेटिंग बदलण्याची मोहीम तिथे पुढे जोरात राबवली गेली.

१० फेब्रुवारी

फ्रिक्वेन्सीची वरची बाजू. जर्मनीत लो टेन्शनवरच्या सौर यंत्रांनी ५०.२ हर्ट्झला तुटायचं असा नियम होता. छपरं थोडी होती तोवर निरुपद्रवी. नंतर त्या एका आकड्यामागे हजारो मेगावॅट जमा झाले, आणि संपूर्ण युरोप खंडाच्या ग्रीडची तातडीची राखीव क्षमता ३००० मेगावॅट. २०१२ मध्ये १० किलोवॅटवरच्या जुन्या यंत्रांच्या सेटिंग बदलण्याचा कायदेशीर आदेश निघाला, नव्यांसाठी ५०.२ पासून दर हर्ट्झला ४० टक्के उतरायचं आणि ५१.५ ला तुटायचं.

आपल्या यादीत तोच उतार घेतला. ५०.७ ला २० टक्के कपात.

१७ फेब्रुवारी

फीडर वरून तुटला तर इन्व्हर्टरांनी दोन सेकंदांत बंद व्हायला हवं. सर्वांत कठीण चाचणी ती, जिथे लोड उत्पादनाशी तंतोतंत जुळतो. १० किलोवॅटसाठी दर फेजला १६ ओहम रेझिस्टन्स, ५१ मिलीहेन्री आणि १९९ मायक्रोफॅरड समांतर.

ग्रीड तुटल्याचं ओळखायला इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सीला मुद्दाम धक्का देतो. एकटा इन्व्हर्टर चाचणीत पास, वेळेत बंद. दोन वेगळ्या पद्धतींचे इन्व्हर्टर एकत्र ठेवले, एक फ्रिक्वेन्सी वर ढकलणारा आणि एक खाली, तर त्यांचे धक्के एकमेकांना खातात आणि वेळ लांबत जातो. इथे मात्र सारखेपणा हवा. ढकलण्याची दिशा सर्वांची एक, परत येण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी.

फ्यूजचा मुद्दा तारतंत्र्यांच्या जिवाशी निगडित आहे. ग्रीड जोडलेलं असताना टोकाच्या फॉल्टला १०९० अँपिअर येतात, १०० अँपिअरचा जीजी (सर्वसाधारण वापराचा) फ्यूज उडतो. फक्त सहा इन्व्हर्टर उरले तर रेटिंगचा करंट ९५ अँपिअर, मर्यादा १.२ पट, म्हणजे ११४. जीजी फ्यूज १.२५ पट करंट, इथे १२५ अँपिअर, दोन तास न उडता वाहून नेतो. म्हणजे तार जमिनीवर पडली तरी हा फ्यूज उडणार नाही. ग्रीडपासून तुटून फक्त इन्व्हर्टरवर चालणाऱ्या अशा बेटात संरक्षण कमी व्होल्टेजच्या रिलेवर आणि इन्व्हर्टरच्या स्वतःच्या ट्रिपवर ठेवावं लागतं. काम करणाऱ्यानं दोन्ही बाजूंनी लाइन तोडून, तपासून, अर्थिंग केल्याशिवाय हात लावायचा नाही.

२४ फेब्रुवारी

एका इन्व्हर्टरच्या जागी बॅटरीवरचा ग्रीड-फॉर्मिंग इन्व्हर्टर. हा व्होल्टेज स्वतः उभं करतो, फेज-उडी झाली की मोजायला न थांबता त्याच क्षणी करंट देतो. ३ फेब्रुवारीच्या मॉडेलमध्ये असा मोठा इन्व्हर्टर घातला तर पहिला उतारही कमी होतो, जो साध्या बॅटरीला जमला नव्हता. मर्यादा करंटची: १.२ पटीला आदळला की तो व्होल्टेज स्रोत राहत नाही, आणि फॉल्ट सुटताना कोन (ग्रीडच्या लहरीशी असलेला ताळमेळ) हातातून जाऊ शकतो. करंट मर्यादेत असताना कोनाचा इंटिग्रेटर (कोन पुढे मोजत नेणारा हिशेब) गोठवल्यावर तो परत नीट सावरला.

३ मार्च

सेटिंगची यादी गोठवली. व्होल्ट-व्हार चालू, मूळ वक्र, ५ सेकंद. ओव्हरव्होल्टेज १.१० ला ट्रिप २ सेकंदांनी, त्याआधी १.०६ ते १.१० मध्ये वॅट हळूहळू कापणं चालू, म्हणजे ट्रिपची वेळच येऊ नये. फ्रिक्वेन्सी घसरणीचा रिले १ हर्ट्झ प्रति सेकंद, ५०० मिलिसेकंद. फेज-उडीचा रिले बंद. वरचा उतार ४० टक्के प्रति हर्ट्झ. परत जोडणी ३०० सेकंद अधिक यंत्राच्या सिरीयल क्रमांकावरून काढलेली ० ते ३०० सेकंदांची जादा वाट, मग ३०० सेकंदांचा रॅम्प.

यादीवर एक ओळ लाल अक्षरात: या टोकाला १२ पेक्षा जास्त इन्व्हर्टर झाले की व्होल्ट-व्हारचा गुणाकार आणि फिल्टरचा रेझोनन्स नव्यानं काढायचा. १२ ला गुणाकार ०.७ होतो. रोहित्राचा टॅप एक पायरी खाली घेऊन संध्याकाळच्या पूर्ण लोडला टोकाचं व्होल्टेज तपासणं बाकी.